पुलगाव ते सायगाव

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात आणि धामणगाव मागे पडलं, की खिडकीपाशी सरकून बसा. थोड्याच वेळात गाडीचा आवाज बदलतो. खडखड थांबते आणि घणघण सुरू होते. खाली वर्धा नदी! पावसाळ्यात गढूळ आणि फुगलेली, उन्हाळ्यात नुसती वाळू आणि मधूनच चमकणारी पाण्याची पट्टी. पूल संपला, की उतरायची तयारी करा. पुलाजवळचं गाव म्हणून पुलगाव. इतकं सरळ नाव क्वचितच सापडेल. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली, त्या वाटेवर वर्धेवर पूल झाला आणि पुलाच्या आधारानं हे गाव वाढलं.

माझी ताई पुलगावला असते. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, “तू ये बरं लवकर. घरात भांडण लागलं आहे, आणि भांडणारा इथं नाहीच. तो बसला आहे सायगावला!”

सायगाव! नाव ऐकून वाटतं ना, की हे देवळी किंवा आर्वीच्या पुढचं एखादं खेडं असेल, सकाळच्या एसटीनं जावं आणि संध्याकाळी परत यावं? शेजारच्या आजींना अजून तसंच वाटतं. पण हे सायगाव आहे व्हिएतनाममध्ये. 1976 पासून त्याचं अधिकृत नाव हो चि मिन्ह शहर. लोक मात्र बोलताना अजूनही जुनंच नाव घेतात. आपलं घड्याळ रात्रीचे आठ दाखवतं, तेव्हा तिथे साडेनऊ वाजलेले असतात.

माझा भाचा कापड तंत्रज्ञान शिकला आणि चार वर्षांपूर्वी तिकडच्या एका सूतगिरणीत नोकरीला लागला. गंमत बघा, व्हिएतनाममध्ये कापूस जवळजवळ पिकतच नाही. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, शिवाय आपल्या देशातूनही तो जहाजानं तिथे जातो. तिथे त्याचं सूत होतं, कपडे होतात आणि ते जगभर विकले जातात. भाच्याचे आजोबा पुलगावच्या कापड गिरणीत होते, नातू सायगावच्या गिरणीत. कापसानं या घराची पाठ सोडली नाही, असं ताई म्हणते.

आता भांडण काय ते सांगतो. भाच्याला तिथे एक फ्लॅट घ्यायचा होता. किंमत तीन अब्ज डाँग. डाँग म्हणजे तिकडचं चलन. आकडा ऐकून माझी भाची (ती आठवीत आहे) ओरडली, “दादा अब्जाधीश झाला!” मग तिनं वहीवर भागाकार केला. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग मिळतात. म्हणजे तीन अब्ज भागिले तीनशे. तुम्हीही करून बघा. बरोब्बर एक कोटी रुपये. अब्जाधीश एका मिनिटात जमिनीवर आला.

काही पैसे भाच्यानं साठवले होते, काही तो कर्जानं घेणार होता. उरलेल्या पैशांसाठी त्याचं म्हणणं होतं, की आर्वी रस्त्याकडचा आजोबांचा प्लॉट विकून टाकावा. “मामा, तो नुसता पडून आहे. बाभळी उगवल्या आहेत त्यावर. इकडे बघ, दर वर्षी नवा उंच मनोरा उभा राहतो. भाडं येईल, किंमत वाढेल.”

भाऊजी त्याच्या बाजूचे. त्यांची आवडती गोष्ट जमशेटजी टाटांची. तुम्हांला ठाऊक आहे का ती? जमशेटजींनी नागपूरला कापडाची गिरणी काढायला दलदलीची, खड्ड्यांची जागा निवडली. भराव घालण्यातच बराच पैसा चालला होता. एका सावकारानं तर भांडवल द्यायला नकार दिला. मातीत सोनं पुरणारा हा माणूस कोण, असं त्याला वाटलं. 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि असा नफा झाला, की या माणसानं माती पुरून सोनं काढलं, हे त्याच सावकाराला कबूल करावं लागलं. “म्हणून म्हणतो,” भाऊजी म्हणाले, “पैसा धाडसानं लावावा लागते. घरात ठेवून का त्याचं लोणचं घालता?”

गोष्ट खरी आहे, आणि मलाही आवडते. पण एक फरक मला खुपत होता. टाटांनी जागा घेऊन किंमत वाढायची वाट पाहिली नव्हती. त्यांनी तिथे यंत्रं बसवली, माणसं कामाला लावली. गिरणी 2002 साली बंद पडली आणि आज त्या जागी मोठा मॉल उभा आहे. पण सव्वाशे वर्षं त्या जागेनं घरं चालवली, ती सुतानं. भाऊजींपुढे मी हे बोललो नाही. पाहुण्यानं पहिल्याच दिवशी वाद घालू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला घेऊन मी फिरायला निघालो. स्टेशनच्या बाजूनं चालताना तिला म्हटलं, “तुझा दादा सायगावला जे करू बघतोय ना, तेच शंभर वर्षांपूर्वी परक्या लोकांनी इथे, पुलगावात केलं होतं.”

ती थांबलीच. “इंग्रजांनी? पुलगावात फ्लॅट घेतला?”

फ्लॅट नव्हे, रेल्वे! पुलगावहून आर्वीला जाणारी छोटी गाडी. लोकांनी तिला लाडानं शकुंतला म्हटलं. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गावरची शकुंतला जास्त गाजली, पण ही तिची सख्खी बहीण. दोन्ही मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे या कंपनीचे. ती 1910 मध्ये उभी राहिली आणि तिच्यामागे होती मुंबईतली किलिक निक्सन ही इंग्रज व्यापारी पेढी. पुलगाव-आर्वी मार्ग 1917 साली सुरू झाला. लांबी पस्तीस किलोमीटर.

घरात मोजपट्टी असेल तर आत्ताच आणा. जमिनीवर खडूनं एक रेघ ओढा आणि तिच्यापासून 762 मिलिमीटरवर, म्हणजे अडीच फुटांवर, दुसरी. एवढ्याच अंतरावर या गाडीचे दोन रूळ होते! मुंबई-नागपूर मार्गाच्या रुळांत 1676 मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे साडेपाच फूट. छोटे रूळ का? तर स्वस्त पडतात म्हणून. पूल लहान, डबे हलके, वळणं घेता येतात. ज्याला थोडक्यात मार्ग उभारून त्यावर कमवायचं आहे, त्याला हेच परवडणार.

कमाई कशाची? कापसाची. आर्वीकडचा पांढरा कापूस जिनिंगमध्ये जायचा. तिथे सरकी वेगळी, रुई वेगळी. मग प्रेसमध्ये रुई दाबून तिच्या घट्ट गाठी बांधायच्या. या गाठी छोट्या गाडीनं पुलगावला, मोठ्या गाडीनं मुंबईला आणि बोटीनं विलायतेला. लंडनमध्ये शेअर घेऊन बसलेल्या माणसानं आर्वी कधी पाहिली नसेल. पाहायची गरजच नव्हती त्याला!

“पण जमीन कोणाची होती?” भाचीनं विचारलं.

बघा हं, आठवीतल्या मुलीनं किती नेमका प्रश्न विचारला! घरातल्या आम्हा मोठ्यांपैकी एकालाही तो सुचला नव्हता.

त्या काळी अशा मार्गांसाठी सरकार कंपन्यांना जमीन फुकट देत असे. मोठ्या जी.आय.पी. रेल्वेचं तर विचारूच नका. 1849 च्या करारात तिला नव्व्याण्णव वर्षांसाठी जमीन फुकट मिळाली, आणि वर भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी. म्हणजे गाडीला नफा झाला नाही, तरी लंडनच्या माणसाला शंभर रुपयांवर पाच रुपये मिळणारच. ते देणार कोण? सरकार. आणि सरकार ते आणणार कुठून? इथल्या रयतेच्या करातून. दादाभाई नवरोजी देशातून वाहून जाणाऱ्या संपत्तीबद्दल पोटतिडकीनं लिहीत, त्यात ही हमीची रक्कमही होतीच.

म्हणून पालकांसाठी एक गोष्ट जाता जाता. हल्ली परदेशातल्या इमारतींच्या रंगीत पत्रकांवर ‘अमुक टक्के भाड्याची हमी’ असं छापलेलं असतं. जी.आय.पी.च्या हमीमागे अख्खं सरकार उभं होतं. या हमीमागे कोण उभं आहे, ते नाव पत्रकावर शोधा. बहुधा स्वतः बिल्डरच असतो.

छोट्या मार्गाचं पुढे काय झालं? गाडी चालवायची जी.आय.पी.नं आणि कमाईतला वाटा मालक कंपनीला द्यायचा, अशी व्यवस्था होती. 1951 साली जी.आय.पी. जाऊन मध्य रेल्वे झाली. देशभरची रेल्वे सरकारची झाली, पण हा मार्ग कंपनीचाच राहिला. ‘इंग्रजांच्या मालकीची रेल्वे’ असं वर्तमानपत्रं अजूनही छापतात. किलिक निक्सन तर केव्हाच भारतीय मालकांच्या हाती गेली आहे. असो. पुढे डांबरी रस्ते झाले, ट्रक आले, एसटी आली. कापसाच्या गाठींना गाडीची गरज उरली नाही. पुलगाव-आर्वी गाडी बंद होऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मार्ग रुंद करून पुढे नेण्याची मागणी लोक अजून करतात.

“मग त्या लंडनवाल्यांचे पैसे बुडाले?”

“त्यांनी आपला वाटा वर्षानुवर्षं घेतला,” मी म्हणालो. “पण इथल्या पोरांना त्या गाडीनं शाळेत नेलं, तेही खरं. दोन्ही खरं आहे.”

रात्री भाच्याला फोन लावला आणि भाचीनं तोच प्रश्न त्याला विचारला. “दादा, फ्लॅट तुझा, पण जमीन कोणाची?”

पलीकडे जरा शांतता. मग त्यानं जे सांगितलं, ते मला नवंच होतं. व्हिएतनाममध्ये जमीन कुणा एकाच्या मालकीची नसतेच. ती साऱ्या जनतेची, आणि जनतेच्या वतीनं तिचा कारभार सरकार बघतं. तिथल्या माणसालाही मिळतो तो जमीन वापरायचा हक्क. तो विकता येतो, मुलांना देता येतो. त्याचं सरकारी पुस्तक असतं, गुलाबी रंगाचं. त्यांचा गुलाबी सातबाराच म्हणा ना! परदेशी माणसाला फ्लॅट घ्यायची वाट 2015 च्या जुलैपासून बरीच मोकळी झाली. पण एका इमारतीतल्या शंभरातले तीसच फ्लॅट परदेशी लोकांना, आणि तेही पन्नास वर्षांसाठी. मुदत एकदा वाढवून मागता येते. 2024 मध्ये नवा कायदा लागू झाला, त्यानंही या अटी ठेवल्या. संरक्षणाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या भागात परदेशी माणसाला घर मिळतच नाही.

ही शेवटची अट पुलगावकरांना पटकन कळते. गावाला लागूनच लष्कराचं दारूगोळ्याचं प्रचंड भांडार आहे. 31 मे 2016 ला उत्तररात्री तिथे आग लागली, स्फोट झाले. लष्कराचे आणि अग्निशमन दलाचे लोक आग विझवताना गेले. आसपासच्या खेड्यांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी घरं सोडून बाहेर पडली. ताईच्या घराची तावदानं त्या रात्री थरथरत होती. अशा जागांभोवती बांधकामाला बंधनं का घालतात, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शेजारच्या देशांतही असेच नियम आहेत. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, फ्लॅट येतो. पण इमारतीतली निम्म्याहून जास्त जागा थाई लोकांकडेच राहिली पाहिजे. कंबोडियात तर तळमजला मिळत नाही, वरचे मजले घ्या म्हणतात! एवढ्या अटी का? भाची म्हणाली, “त्यांच्याकडेही कुणी आपल्यासारखी रेल्वे बांधली असेल.” मी काही बोललो नाही. कंबोडिया आणि व्हिएतनाम फ्रान्सच्या ताब्यात होते, तेव्हा तिथली रबराची मोठमोठी रानं फ्रेंच कंपन्यांची होती, एवढंच सांगितलं. आणि परदेशी पाहुण्याला आपण तरी शेत विकतो का? महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या मराठी माणसालाही परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

“पण किंमत तर वाढतेच ना?” भाऊजींनी फोनमध्ये डोकं घातलं.

वाढते. कधी उलटीही जाते. 1997 ची थायलंडची गोष्ट मी त्यांना सांगितली. बँकॉकमध्ये तेव्हा उंच इमारतींचं पीक आलं होतं. कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्जं काढली होती. एका डॉलरला पंचवीस बात असा भाव कित्येक वर्षं जवळपास ठरलेला होता, म्हणून कुणाला भीती वाटली नाही. 2 जुलै 1997 ला सरकारनं तो भाव मोकळा सोडला आणि सहा-सात महिन्यांत एका डॉलरला पन्नासाहून जास्त बात मोजावे लागले. म्हणजे कर्ज आपसूक दुप्पट! अर्धवट मनोरे तसेच उभे राहिले. त्यातला एक जवळजवळ पन्नास मजली सांगाडा पुढे भुताचा मनोरा म्हणून प्रसिद्ध झाला. भाच्याची कमाई डाँगमध्ये आणि घरही डाँगमध्ये, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण प्लॉटचे रुपये डाँग होऊन जाणार आणि उद्या परत आणायचे झाले तर पुन्हा रुपये होणार. तेव्हाचा भाव कुणाला माहीत?

भाचा चिडला नाही. म्हणाला, “मामा, मी इथं पाहुणा आहे असं नाही वाटत मला. इथली भाषा शिकलोय. गिरणीतली माणसं माझी आहेत.” मला ते ऐकून बरं वाटलं, आणि ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला खरी भीती फ्लॅटची नव्हतीच. घर घेतलं म्हणजे पोरगा आता परत येत नाही, ही होती.

तेवढ्यात भाचीनं मोबाईलवर महाभूलेख उघडलं होतं. सातबारा म्हणजे काय, हे शाळेत नुकतंच शिकवलं होतं तिला. नमुना सातमध्ये जमीन कोणाची ते, नमुना बारामध्ये पीक कोणतं ते. गट नंबर टाकला, आणि ती म्हणाली, “बाबा, हा प्लॉट तर आजोबांच्याच नावावर आहे.”

आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली होती! वारसांची नोंदच कुणी केली नव्हती. ‘आपलंच तर आहे’ म्हणून सगळे निवांत. दुसऱ्या दिवशी मी आणि भाऊजी तलाठ्यांकडे गेलो. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण पुलगावात सगळे तलाठीच म्हणतात.) त्यांनी शांतपणे विचारलं, “बहिणी किती?” तीन. मग प्लॉट चौघांचा. बापानं स्वतः कमावलेल्या मालमत्तेत मुलींचा वाटा मुलाइतकाच, हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून ठरलेलं आहे. आधी चौघांच्या नावांचा फेरफार, मग चौघांच्या सह्या, आणि मग विक्री.

भाऊजी घरी येईस्तोवर बोलले नाहीत. सायगावच्या जमिनीचे कायदे पाठ होत आले होते आणि आर्वी रस्त्यावरचा प्लॉट आपल्या एकट्याचा नाही, हे माहीतच नव्हतं.

मोठी आत्या आर्वीला असते. तिच्याकडे आम्ही एसटीनं गेलो. भाची खिडकीपाशी बसून जुन्या मार्गाच्या खुणा शोधत होती. आत्यानं चहा ठेवला, चिवडा काढला. लग्न झाल्यावर पहिल्यांदा याच छोट्या गाडीनं आर्वीला आले, म्हणाली. गाडी इतकी हळू, की नवरदेवाचे मित्र मधेच उतरून बोरं तोडून परत चढले. सगळे हसले. मग भाऊजींनी विषय काढला, की हक्कसोडपत्रावर सही केलीस तर बरं होईल.

आत्यानं कप खाली ठेवला. “सही करीन, पण हक्क सोडायची नाही,” ती म्हणाली. “बाबांनी गिरणीच्या फंडातून घेतला होता तो प्लॉट. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी त्यांचा डबा मी भरत होते. माझा वाटा मला पाहिजे.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. भाऊजींचा चेहरा उतरला होता, पण ती खोटं बोलत नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. भाचीनं तिथूनच दादाला फोन लावला आणि आत्याच्या हातात दिला. तो काय म्हणाला ते आम्हांला ऐकू आलं नाही. आत्या मात्र मोठ्यानं बोलली, फोन परदेशात आहे म्हणून.

“हो रे बाप्पा, तुझा वाटा तुझा, माझा माझा. आणि भाड्याच्या खोलीत राहा अजून एक वर्ष, काही बिघडत नाही. दिवाळीला ये. चौघं बसू, बाभळी तोडू आधी, मग बघू त्या जागेचं काय करायचं ते.”